तलावातले उंबरठे

चैत्र सरत आला की उसावर गेलेली माणसं परत यायला लागतात. ट्रॅक्टरच्या मागे दोन दोन ट्रॉल्या, त्यांत बाजा, पत्र्याच्या पेट्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर तोंडाला दुपट्टा गुंडाळून झोपलेली माणसं. शेलूबाजारच्या चौकात ट्रॅक्टर थांबतो, चहा होतो, कुणी जीपवाल्याशी हुज्जत घालतं. हे दिवस आले की मी शेलूबाजारला जायचं टाळते. भाजी गावातच घेते, शिळी मिळाली तरी चालते. वाशीमला काम निघालं तर दुसऱ्या फाट्यानं जाते. लांब पडतं, पडू दे. घरचे विचारतात, काहून एवढा फेरा? मी म्हणते, चौकात ऊन लागतं. जसं काही दुसऱ्या फाट्यावर चांदणं पडलेलं असतं. पण कुणी पुढं विचारत नाही. आमच्या वऱ्हाडात वैशाखात उन्हाच्या नावावर काहीही खपून जातं.

मी इथल्या कॉलेजात भूगोल शिकवते. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा लगेच नकाशा उघडून बसेल, आणि तो नकाशा नेमका मी केलेला असेल.

परवाच्या सालचा उन्हाळा नकाशांचा होता. जुन्या नकाशांवरून आपलं गाव कसं बदललं ते शोधायचं, असं मी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, प्राचार्य म्हणाले, बढती पाहिजे तर काहीतरी संशोधन दाखवा, तेव्हा ठरलं. मी वाशीमच्या खेपा घातल्या. इंग्रजाच्या काळातला, कापडावर डकवलेला गावनकाशा मिळाला. त्यानंतरचा एक गावठाणाचा नकाशा मिळाला. आजचं गाव तर उपग्रहाच्या चित्रात होतंच. तीन गावं, एकावर एक ठेवायची आणि काय सरकलं, काय गेलं, काय आलं ते बघायचं, एवढाच खेळ.

त्या कापडी नकाशाचा वास अजून माझ्या नाकात आहे. जुनी खळ, उंदीर, डांबरगोळी, आणि कुणाच्या तरी तंबाखूचा वास. घडीच्या जागी कापड विरलं होतं. तळ्यांना दिलेला निळा रंग राखेसारखा झाला होता. मी दारं लावून, कूलर बंद करून काम करायची, कारण कूलर लावला की कागद उडायचे. नकाशाच्या चार कोपऱ्यांवर डाळीचे डबे आणि पाट्याचा वरवंटा. ट्रेसिंगचा कागद उन्हानं वाळत घातलेल्या पापडासारखा वळायचा. हनुवटीवरून घाम टपकायचा तो नकाशावर पडू नये म्हणून मी गळ्याला टॉवेल बांधून बसायची. सोबतीला वामनकाका असायचे. भूमापन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. उभा जन्म शेतं मोजण्यात गेला, त्यामुळे चालताना अजून पावलं मोजायचे. उन्हाळा हाच त्यांचा हंगाम. शेतं रिकामी होतात, धुरे-बांध उघडे पडतात, तेव्हाच मोजणी होते. खिशात कांदा, डोक्याला ओली दस्ती, आणि जिभेवर कुत्सितपणा, असा तो माणूस.

"मॅडम," ते म्हणायचे, "नकाशा खोटं बोलत नाई. त्याले बोलाले लावणारा बोलते."

मी हसायची. मला तेव्हा फार हसू यायचं. सांगायला लाज कशाची, मी त्या उन्हाळ्यात सुखी होते. सोनारगल्ली मध्येच वाकडी का होते, तर तिथून ओढा जात होता. बसस्टँडमागची ओसाड जागा म्हणजे चिंचेखालचा गुरांचा बाजार होता. रोज असं काहीतरी सापडायचं आणि मी ते घरी जेवताना सांगायची. कुणी ऐकायचं नाही, तरी सांगायची. चाळीस वर्षं ज्या रस्त्यांवरून पाय ओढत गेले ते रस्ते मला पहिल्यांदा कळत होते. माणसं मात्र मी बघत नव्हते. वरून बघणाऱ्याला माणसं दिसत नाहीत, छपरं दिसतात, आणि मला तर सगळी छपरंही दिसली नाहीत.

जुना नकाशा नव्यावर नीट बसवायचा तर जुन्यातल्या चार तरी खुणा आज जमिनीवर सापडाव्या लागतात. चार खुणा जुळल्या की बाकीचं गाव आपोआप जागेवर बसतं. आम्हाला तीन सापडल्या. मारुतीचं देऊळ, बारव, आणि जुन्या रस्त्याचा तिठा. चौथी सापडेना. कापडी नकाशात गावाच्या मावळतीला मोठा तलाव होता. त्याच्या काठावर हद्दीचा एक दगड दाखवला होता. आज तिथं तलाव नव्हता. पाळ कधीच फुटली होती, गाळ भरला होता, आणि त्या गाळावर अर्ध्या भागात मंगल कार्यालयाचं हिरवंगार लॉन होतं, उरलेल्या अर्ध्यात मजुरांची वस्ती होती. कुडाची, पत्र्याची, प्लॅस्टिकची घरं. जुन्या काळी गावातल्या बड्या शेतकऱ्यांनीच निंदणी-सोंगणीला हाताशी माणसं पाहिजेत म्हणून त्यांना तिथं बसवलं होतं. आता सोंगणी यंत्रानं होते. म्हणून ही माणसं दिवाळीनंतर उसावर जातात आणि वैशाखात परततात.

आम्ही गेलो तेव्हा वस्ती रिकामी होती. कड्यांना सुतळ्या बांधलेल्या, अंगणात वाळलेली तुळस, कुत्री सावलीला पडलेली. राखण करायला एक म्हातारी मागे होती, सोनाबाई. डोळ्यांत पडदा आलेला, पण कानांनी माणूस ओळखायची.

"कोन व्हय?"

"तलाव कुठपर्यंत होता ते विचारायला आलो आजी," मी म्हटलं. "गावाचा नकाशा करतोय."

"सरकारी?"

"कॉलेजचा."

तिला कॉलेज आणि सरकार यांत फरक वाटला नाही. ती उठली, काठी घेतली, आणि त्या उन्हात अनवाणी आमच्या पुढं चालायला लागली. तिला वाटलं, बाई वस्ती लिहायला आली. आपण खरं सांगावं, म्हणजे बाई आपलं घर नीट लिहील. इतका सरळ हिशोब तिनं केला, आणि म्हणूनच तिनं तलावाची सगळी कड आम्हाला चालून दाखवली. इथी पानी लागे, इथी म्हशी बसत, इथी माहा सासरा जाळं टाके. एकाही ठिकाणी चुकली नाही. वामनकाका मागून पावलं मोजत होते आणि मान हलवत होते. शेवटी ती तिच्या घरामागं थांबली. तिथं निंबाखाली शेंदूर फासलेला दगड होता.

"हा आमचा म्हसोबा. याच्या पल्याड पानी कधी गेलं नाई."

मी वामनकाकांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. देव असा चौकोनी नसतो.

मी गुडघ्यावर बसले आणि पर्समधली किल्ली काढली. कित्येक वर्षांचा शेंदूर होता, थरावर थर, तेलानं चिवट झालेला. मी खरवडत गेले. म्हातारीला आवाज ऐकू आला.

"काय करून राह्यली माय?"

"बघते आहे."

"देवाले नख लावू नको."

मी थांबले नाही. नखाएवढी जागा साफ झाली, मग बोटाएवढी, आणि दगडाच्या माथ्यावर छिन्नीनं कोरलेली फुली दिसली. मोजणीदाराची फुली. चौथी खूण सापडली होती. मला इतका आनंद झाला की मी त्या म्हातारीचे हात धरून म्हटलं, आजी, तुमच्यामुळं काम झालं. माझी बोटं लाल झाली होती, तिचीही झाली.

"मंग माहं घर काढशीन ना कागदावर?"

"काढीन," मी म्हटलं. पुढच्या आठवड्यात फोटो काढायला गेले तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, काढलं का? मी म्हटलं, काढलं. तिनं माझ्या कानशिलांवरून, चष्म्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

नव्हतं काढलं. त्यात दुष्टावाही नव्हता, असता तर निदान काही मोठं केल्यासारखं वाटलं असतं. नगरपंचायतीच्या वहीत ज्या घराला नंबर आहे ते घर नकाशात घ्यायचं, अशी सोय मी करून घेतली होती. वस्तीतल्या एकाही घराला नंबर नव्हता. शिवाय तिथं घरं दाखवली असती तर तलावाचा निळा रंग मध्येच फाटल्यासारखा दिसला असता. निळा एकसंध छान दिसत होता. लॉनवर मात्र मी लाल चौकट काढली, कारण लॉनला नंबर होता.

आणि ज्याची लाज सगळ्यात जास्त वाटायला हवी ते आता सांगते. चार खुणा जुळल्यावर तलावाची कड दुसऱ्या बाजूनं कुठं जाते ते दिसलं. ती आमच्या नव्या कॉलनीत शिरत होती. माझं घर, माझ्या कर्जाचं, माझ्या बोगनवेलीचं घर, मागच्या कुंपणासकट चांगलं हातभर तलावात बसलं होतं. मी पेन्सिल घेतली आणि तेवढ्या भागात रेघ जरा जाड काढली. जाड रेघेखाली घर येतं, रेघेच्या आत येत नाही. वामनकाका शेजारीच चहा पीत होते.

"रेघ जाड झाली मॅडम," ते म्हणाले.

"पेन्सिलीला टोक नाही."

"हाव," ते म्हणाले, आणि चहा संपवून घरी गेले. त्यानंतर ते माझ्याकडं आले नाहीत. बरंच झालं. खरं ओळखणारा माणूस घरात फार दिवस बसलेला बरा नसतो.

पावसाळ्यात नगरपंचायतीच्या सभागृहात नकाशांचं प्रदर्शन लागलं. हरवलेला तलाव सापडला, असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. शाल, श्रीफळ, भाषणं. प्रत्येक भाषणात आपला वारसा, आपलं पाणी. लॉनचे मालक पहिल्या रांगेत होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना ठाऊक होतं आपल्याला काही होत नाही. नंतर मी तिथल्या साहेबाला एकदा विचारलं, की तलाव मोकळा करायचा तर लॉनचं काय. तो म्हणाला, "त्याईचे कागद हायेत मॅडम." वस्तीचा एकच कागद होऊ शकला असता. तो मी निळा रंगवला होता.

दिवाळी झाली, माणसं उसावर गेली, आणि महिन्याभरात तलाव मोकळा करायला नगरपंचायतीचा जेसीबी आला. मुद्दाम तेव्हाच आला. भांडायला एक आंधळी म्हातारी तेवढी होती. तिला तिच्या बाजेसकट उचलून बाहेर ठेवलं म्हणतात. मग तिच्या लेकीनं तिला आपल्या गावी, धनजला नेलं. निंब पाडला. म्हसोबा एका कडेला ठेवला, देवाला हात लावायला ड्रायव्हर घाबरला म्हणे, मी नव्हते घाबरले. मग खोदकाम सुरू झालं. गाळ शेतकऱ्यांनी नेला, गाळाखालचा मुरूम रस्त्यावर गेला. ज्या मातीवर ती माणसं झोपत होती ती माती आता कुणाच्या तरी तुरीला बसली आहे. मी माझ्या वर्गाला घेऊन गेले होते ते पाहायला. नकाशा हातात धरून सांगितलं, पाहा, नकाशाच्या अभ्यासाचा समाजाला असा उपयोग होतो. पोरींनी वहीत लिहून घेतलं. मला त्याच वर्षी बढती मिळाली.

मग आली मागच्या सालची अक्षय तृतीया. आमच्याकडं तिला अखिती म्हणतात. या दिवशी पित्रांना नव्या मातीच्या केळीनं, म्हणजे लहानशा घटानं, पाणी द्यायचं, गोवरीच्या विस्तवावर तुपाचा घास टाकायचा. आंब्याचा रस, कुरडया, चिंचवणी. वस्तीतल्या लोकांची एक रीत आणखी आहे. पित्र आपल्याच उंबरठ्यावर येतात, लोकाच्या दारात पाणी घेत नाहीत. म्हणून माणूस कुठंही असो, उसाच्या फडात असो की वीटभट्टीवर, अखितीला आपल्या उंबरठ्यावर पोचतोच. मुकादमाशी वाईटपणा घेईल, पण पोचेल.

त्या सकाळी मी तलावाचे फोटो काढायला गेले होते. एका मासिकाला हवे होते. दोन पुरुष खोल खड्डा, तळाला पिवळा मुरूम, पाण्याचा थेंब नाही, आणि तळाशी माणसं. हातात नव्या मातीच्या केळी, डोक्यावर गोवऱ्यांच्या पाट्या, आणि सगळी इकडून तिकडं फिरत होती. मला वाटलं काही हरवलंय. त्यांच्यातली एक बाई मला पाहून चढण चढत वर आली. वच्छला, सोनाबाईची सून. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिनं मला ओळखलं, कारण म्हातारीनं बोटांना लागलं ते सांगितलं होतं, चष्मा, आखूड केस.

मी मनात तयार झाले. शिव्या देईल. धरून विचारेल. मी उत्तरंही जुळवली होती, माझ्या हातात काही नव्हतं, निर्णय वरचा होता, वगैरे.

"बरं झालं मॅडम तुमी भेटल्या," वच्छला म्हणाली. "आमचं घर कुठी व्हतं थे दाखवा जरा."

"म्हणजे?"

"काईच राह्यलं नाई ना ओळखाले. निंब नाई, रस्ता नाई. आन् जमीनच खाली गेली. सकाळपासून पाहून राह्यलो. केळ ठेवाची कुठी?" मग तिनं माझ्या हातातल्या मोबाइलकडं बोट केलं. "बुढी म्हणे, मॅडमनं आपलं घर काढलं नकाशात. पाहून सांगा."

मी नकाशा उघडला. निळा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळा. दाखवलं असतं तर काय झालं असतं? तिला कळलं असतं, एवढंच. मला मारलं नसतं कुणी. तेवढंही माझ्याकडून झालं नाही. मी पडदा माझ्याकडं वळवला, म्हटलं उन्हात नीट दिसत नाही, आणि तिच्या मागोमाग खड्ड्यात उतरले. वामनकाकांसारखी पावलं मोजत चालले. मोजत होते म्हणजे नुसते ओठ हलवत होते. एका जागी थांबले.

"हे."

"उंबरठा?"

"उंबरठा."

खरं तर तिचा उंबरठा कुठं असलाच तर आमच्या डोक्यांच्या वर होता, हवेत. खाली जे होतं ते कुणाचंच नव्हतं. पण वच्छला तिथं वाकली, पदरानं मुरूम झाडला, केळ ठेवली. मग वर बघून विचारलं, "आन् दाराचं तोंड?"

मी नकाशात पाहिल्यासारखं केलं. "उगवतीकडं."

ती थांबली. "आमचं दार तं मावळतीले व्हतं."

आता सांगते, आता सांगते, असं मला झालं. ती हातातल्या गोवरीकडं बघत होती. आठवत असणार. तीस वर्षं ज्या दारातून ती आत-बाहेर झाली ते दार.

"नाई," ती स्वतःच म्हणाली. "मीच इसरली असंन. कागदावर हाय तं तसंच असंन." आणि तिनं उगवतीकडं तोंड केलं आणि गोवरी पेटवली.

तेवढ्यात बाकीचे जमले. मॅडम, आमचं? मॅडम, माह्या बापाचं कुठी? मॅडम, आमचं याईच्या बाजूलेच व्हतं. मी एकेकाला दाखवत गेले. हे तुमचं. हे तुमचं. दोन पावलं इकडं या. एकदा सुरू केल्यावर ते सोपं जातं, खोटं लिहायला बसलेल्या माणसाचा हात जसा मोकळा होतो तसं. तासाभरात मी सगळी वस्ती वसवली. धूर निघाला. माणसं आपापल्या मेलेल्यांना नावं घेऊन हाका मारत होती, पाणी घे बा, पाणी घे माय, आणि मी मध्ये उभी होते. एका म्हाताऱ्यानं माझ्या पायांना हात लावला. मी लावू दिला.

घरी येऊन जेवले. झोपही लागली. लोक लिहितात ना की मग डोळ्याला डोळा लागला नाही, तसलं काही झालं नाही.

त्या पावसाळ्यात तलाव भरला. सुंदर भरला, खोटं कशाला बोलू. कडेनं फरशी बसवली, बाकडी ठेवली. मी सकाळी तिथं फिरायला जाते, अख्खी कॉलनी जाते. वस्तीची माणसं परत आली की शेलूबाजारच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला पालं टाकून राहतात. आता वैशाख लागला, पाणी आटलं, तळाला गाळाच्या भेगा पडल्या आहेत. मी गेल्या आठवड्यापासून फिरायला जाणं बंद केलंय.

काल दुपारी फोन आला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"मॅडम, वच्छला बोलते. निंगालो आमी. अखितीले पोचतो. तुमी येजा बरं जागा दाखवाले, खुणा गाळात बुजल्या म्हणे."

मी उठून खोलीचं दार लोटून घेतलं. तिला वाटलं आवाज जात नाही, ती मोठ्यानं बोलायला लागली.

"बुढी गेली माघात, धनजले. औंदा तिलेबी पानी देणं हाय. तिले घराबिगर काई सुचेच नाई, मरतापर्यंत घर घर करे. शेवटी शेवटी फोनवर म्हणे, दार मावळतीले हाय, दार मावळतीले हाय. मी म्हटलं, नाई वं माय, तुले भरम झाला, मॅडमनं कागदावर पाह्यलं." मग तिनं विचारलं, "उगवतीलेच व्हतं ना मॅडम?"

"हो," मी म्हटलं. "उगवतीलाच."